आधी लागणारं शेवटी

छावणीत मे महिना. कूलरला पाणी नाही.
मेजर बिरादार बाह्या दुमडून
भिंतीएवढ्या कागदावर चौकोन काढतात.
दहा जणांचा सेक्शन, तीन सेक्शनची प्लॅटून,
मग रेषा, मग वरचा चौकोन, त्याच्याही वर एक.
आदेश असा की हुकूम सुटल्यापासून अठरा तासांत
शेवटचा माणूस हवेत पाहिजे.
मी हवालदार-क्लार्क आसाराम खाडे.
हातात पट्टी आणि खोडरबर.

पहिल्या दिवशी तोफा जास्त झाल्या.
दुसऱ्या दिवशी त्या कमी केल्या,
तर दारूगोळ्याच्या गाड्या उगाच उभ्या राहिल्या.
तिसऱ्या दिवशी कळलं, डॉक्टर राहिलाच.
त्याला बसवला तेव्हा
न्हावी, मोची आणि आचारी
तिघांत मिळून एक जागा उरली.
"खाडे, आचाऱ्याला केस कापता येतात का?"
"येतील साहेब. जेवायला मात्र कुणी थांबणार नाही."
साहेब हसले नाहीत. त्यांनी लिहिलं:
एक माणूस, सामानासकट, एकशे दहा किलो.
विमानाला वजन कळतं, हुद्दा कळत नाही.

गुरुवार होता. बाहेर गुरांचा बाजार,
हंबरणं खिडकीतून थेट टेबलावर.
साहेब चढवण्याच्या यादीपाशी अडले होते.
वायरलेस सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून
वायरलेस सगळ्यात आधी.
मी म्हणालो, "आधी चढवला तर शेवटी उतरेल, साहेब."
"हे कुठं शिकलास?"
"वडवणीला."
वडवणीला कसलंही ट्रेनिंग सेंटर नाही,
हे त्यांना माहीत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले.

दसरा झाला की दिवेलागणीला मुकादमाचा निरोप यायचा,
ट्रक त्याच रात्री.
बारा कोयते. नवरा-बायको मिळून एक कोयता,
एकटा असला तर अर्धा.
आमचा सेक्शन असा मोजायचे.
आई पत्रे आणि बांबू तळाशी सरकवायची,
त्यावर गोधड्या, त्यावर आम्ही, आमच्या मांडीवर शेळी.
तवा, परात, पिठाचा डबा आणि तीन दगड
एकदम फळक्याला लागून.
दगडसुद्धा घरचे. तिकडचे फुटतात म्हणायची.
"उतरल्या उतरल्या पोटाला लागतंय. खोपीचं बघू मंग."
कागद नव्हता तिच्याकडे. बोटांची पेरं होती,
आणि एखादं पेर चुकलं तर
कोल्हापुराकडच्या कुठल्याशा फडात
मध्यरात्री पोरं उपाशी.

साहेबांनी माझ्याकडून रबर घेतलं.
स्वतः खोडलं. वायरलेस दाराशी आला,
त्याच्या शेजारी पाण्याचे कॅन.
मोच्याला काढून टाकलं, आचारी राहिला.
"आणखी काय सुटलंय?"

मारुतीच्या पारावर बसलेली धोंडाई सुटली होती,
डोळ्यांनी अधू, तिच्या जिवावर सात घरांची पोरं,
एकाच्या हातात माझी फुटकी पाटी.
वळणापर्यंत ट्रकमागं पळालेलं कुत्रं.
मी एवढंच विचारलं,
"मागं राहणाऱ्यांचा चौकोन कुठं काढायचा?"
"तो या कागदावर येत नाही, खाडे."
मग थोड्या वेळानं, पेन्सिल पुढं करत,
"काढ. बारीक काढ."

काढला. उजव्या कोपऱ्यात, खालती, रेषेनं कशालाच न जोडलेला.
सोमवारी पक्की प्रत टाइप केली,
तीन कार्बन, सहीशिक्क्यासकट पुण्याला रवाना.
तिच्यात तो नाही.
मूळ कागद खोडून मी कपाटात ठेवला.
परवा जळमटं काढताना उन्हात तिरका धरला,
तर कोपऱ्यात अजून चमकत होतं काहीतरी,
पेन्सिल जरा जास्तच दाबली होती मी.